समोशाला किती गुणाकार लागतात?

समोसा ओळखायला माणसाला डोळेही लागत नाहीत, वास पुरतो. यंत्राला नाक नाही. त्याच्यापुढे येणारा समोसा म्हणजे १,५०,५२८ आकड्यांची रांग: २२४ ठिपके रुंद, २२४ ठिपके उंच, आणि दर ठिपक्यामागे तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येक शून्य ते २५५ यांमधला.

एवढ्याशा चौकटीत निरनिराळी चित्रं किती बसतील? २५६चा १,५०,५२८वा घात. ही संख्या पूर्ण लिहायची तर ३,६२,५०८ अंक लागतात. पानावर दीड हजार अंक छापले तर जवळपास दोनशे चाळीस पानांचं पुस्तक होईल, आणि त्यात या एका संख्येखेरीज काही नसेल. दृश्य विश्वातल्या सगळ्या अणूंची अंदाजे संख्या, म्हणजे एकावर ऐंशी शून्यं, याच पुस्तकात छापली तर पहिल्या पानाच्या दुसऱ्या ओळीतच संपेल. अर्थात यातली बहुतेक सगळी चित्रं म्हणजे रंगीत ठिपक्यांचा निव्वळ गोंधळ. खाण्यासारखं काही दिसेल अशी त्यांत जवळजवळ नाहीतच.

या महासागरातून समोसा शोधायला शिकवायचं ते किती फोटोंवर? साडेसातशे.

हा आकडा ‘फूड-१०१’ या संग्रहातला. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातले लुकास बोसार्ड आणि त्यांचे दोन सहकारी यांनी तो २०१४ साली मांडला. १०१ पदार्थ, प्रत्येकाचे हजार फोटो. त्यांतले ७५० शिकवणीला, २५० परीक्षेला. परीक्षेचे फोटो माणसांनी तपासून घेतलेले, शिकवणीचे मात्र मुद्दाम तसेच ठेवलेले: भडक रंग, मधूनच चुकीचं लेबल. डोळे मिटून उत्तरं ठोकली तर परीक्षेच्या २५,२५० फोटोंपैकी अडीचशेच्या आसपास बरोबर येतात. बोसार्ड यांच्या पद्धतीला ५०.७६ टक्के मिळाले. आज मोठी मॉडेल्स नव्वदीच्या पुढे गेली आहेत. तरीही नव्वद टक्के म्हणजे अडीच हजार ताटं चुकलेली.

आता हिशेब कष्टांचा. फोटोतला पदार्थ ओळखायला शिकवण्याच्या घरगुती प्रयोगांत ‘रेझनेट-५०’ हे मॉडेल बरेच जण वापरतात. एका फोटोवरून ते एकदा फिरतं तेव्हा सुमारे ४०० कोटी गुणाकार-बेरजा होतात. कुणी न झोपता, न जेवता, सेकंदाला एक या वेगाने कागदावर हे करत बसलं तर एका समोशाला सव्वाशे वर्षं लागतील. शिकताना पुढे जाऊन पुन्हा मागे चुका दुरुस्त कराव्या लागतात, म्हणून काम साधारण तिप्पट. शिकवणीच्या ७५,७५० फोटोंची एक फेरी म्हणजे जवळजवळ २ कोटी ८८ लाख वर्षं. तीन फेऱ्या आज पुऱ्या व्हायच्या असतील तर सुरुवात सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्ह्याच्या रूपात वाहण्याआधीच, साडेआठ कोटी वर्षांपूर्वी, करायला हवी होती.

साध्या प्रयोगात मात्र एवढं कुणी करत नाही. तयार मॉडेल उचलायचं, त्याच्या धडातले सुमारे २ कोटी ३५ लाख आकडे गोठवायचे आणि फक्त शेवटचा थर नव्याने शिकवायचा. धड प्रत्येक फोटोचं सार २,०४८ आकड्यांत काढून देतं. १०१ पदार्थांसाठी त्यांचे वजनभार आणि वर पदार्थागणिक एक आकडा, असे मिळून २,०६,९४९. म्हणजे संपूर्ण मॉडेलचा एक टक्काही नाही. एखादं बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो फोटो तपासतं, त्यामुळे हा खेळ एका संध्याकाळीही उरकतो.

संध्याकाळ स्वस्त वाटते, कारण बिल आधीच कुणीतरी भरलेलं असतं. ते धड ‘इमेजनेट’ या फोटोसंग्रहातल्या सुमारे १२ लाख ८० हजार फोटोंवर शिकलेलं. नेहमीच्या नव्वद फेऱ्या आपल्या कागदवाल्याने केल्या तर सुमारे ४४ अब्ज वर्षं होतात. विश्वाचं वय १३.८ अब्ज. शिवाय ‘इमेजनेट’च्या १ कोटी ४० लाखांच्या मूळ साठ्याला लेबलं लावली ती १६७ देशांतल्या जवळपास ४९,००० माणसांनी, इंटरनेटवर तुकड्या-तुकड्याने मजुरी घेत. एवढं सगळं असून आपण त्याला ‘सोपा प्रकल्प’ म्हणतो!

मला यंत्रापेक्षा ती १०१ पदार्थांची यादी जास्त गमतीची वाटते. तिच्यात स्टेकचा एक खण आणि फिले मिन्याँचा दुसरा. फिले मिन्याँ हा स्टेकचाच प्रकार! मग तिथे गुण कापायचे ते यंत्राचे की यादी करणाऱ्यांचे? भारतातून समोसा आणि चिकन करी एवढीच हजेरी. डोसा नाही, वडापाव नाही. पुरणपोळीचा फोटो दिलात तर ‘ठाऊक नाही’ म्हणायला खणच नसतो. १०१ शक्यतांची बेरीज एक व्हायलाच हवी, म्हणून पॅनकेक, ऑम्लेट, काहीतरी उत्तर येणारच, आणि तेही कधी कधी मोठ्या ठामपणे.

मिसळ घालायची तर हिशेब अगदी किरकोळ: शेवटच्या थरात आणखी २,०४९ आकडे आणि हजार फोटो. त्यात कोल्हापूरची, पुण्याची आणि नाशिकची एकाच खणात घालायची की तीन वेगळे खण करायचे, एवढं आधी ठरवून घ्या. तिथे ग्राफिक्स कार्डाचा काही उपयोग नाही.