घोड्यावरून आखलेली वाट

एंड्युरन्स राइड, म्हणजे घोड्यांची लांब पल्ल्याची स्पर्धा, म्हटली की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे स्पर्धेचा दिवस येतो. कॅलिफोर्नियातली टेव्हिस कप ही त्यातली सर्वांत नामांकित: १९५५ मध्ये वेंडेल रोबी यांनी सुरू केलेली, सिएरा नेवाडा ओलांडून ऑबर्नला पोहोचणारी, २४ तासांत १०० मैल. पण कुठल्याही राइडची वाट आधी कुणीतरी आखावी लागते. बरेच स्वयंसेवक हे काम घोड्यावर बसूनच करतात, आणि तेच योग्य. पायी जाणाऱ्याला जी फांदी जाणवतही नाही, ती स्वाराच्या थेट तोंडावर येते.

खोगिराच्या पिशवीत छोटी करवत आणि रंगीत फिती बांधलेले कपड्यांचे चिमटे. एका हातात लगाम, दुसऱ्या हाताने चिमटा फांदीला लावायचा. राइड संपल्यावर तसाच काढून घ्यायचा. वळणाआधी दोन-तीन फिती एकत्र, वळल्यावर लगेच आणखी एक, म्हणजे स्वाराला खात्री पटते. रात्रीच्या टप्प्यासाठी चमकत्या कांड्या. घोडा मात्र शांत हवा. स्वार बाजूला झुकला आणि कानाशी फीत फडफडली, तरी जागचा हलता कामा नये. माझ्या मते तरुण घोड्यासाठी याहून चांगली शिकवणी नाही.

एक फीत गळाली, तर चुकलेल्या वाटेचे जादा मैल घोड्याच्या पायांवर पडतात. म्हणून तुम्ही परदेशात असाल, घोडेस्वारी येत असेल आणि जवळपास अशी राइड होत असेल, तर स्पर्धेआधीच्या या कामासाठी आवर्जून नाव द्या.