इन्व्हर्टरच्या विजेचा आकार

वीज गेली की इन्व्हर्टर सुरू होतो आणि आपला अभ्यास अडत नाही. परंतु त्या विजेवर पंखा घूं घूं आवाज करतो, हे पुष्कळांनी ऐकले असेल. याचे कारण शोधावे म्हणून आम्ही काही विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली एका लहानशा इन्व्हर्टरला साधा मीटर लावला. त्याने १८० च्या आसपास व्होल्ट दाखविले! भिंतीवरील प्लगात तोच मीटर २३० दाखवीत होता. इन्व्हर्टर बिघडला असावा, असे आम्हांस वाटले. पुढे शिक्षकांनी दोलनदर्शकाच्या पडद्यावर दोन्ही विजांची चित्रे दाखविली, तेव्हा उलगडा झाला.

घरात येणारी वीज सेकंदास ५० आवर्तने करते. तिचा दाब शून्यापासून संथपणे सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो, उतरतो व उलट दिशेने पुन्हा तसेच करतो. या वक्रास साइन-तरंग म्हणतात. मग २३० कशाचे? तो परिणामी दाब होय. २३० व्होल्टची एकदिश वीज जितकी उष्णता देईल, तितकीच ही वीज देते.

आमच्या इन्व्हर्टरचे चित्र मात्र पायऱ्यांचे होते. दाब एकदम ३२५ वर जाई, पाव आवर्तन तेथेच राही, पाव आवर्तन शून्य होई, आणि मग हाच क्रम उलट दिशेने चाले. म्हणजे दाब निम्मा वेळच असतो. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ३२५ च्या वर्गाची निमपट करून वर्गमूळ काढले, तर उत्तर २३० च येते!

साधा मीटर दाबाची सरासरी काढतो व तरंग साइनचाच आहे असे गृहीत धरून तिला १.११ ने गुणतो. येथे सरासरी १६२.५, गुणाकार सुमारे १८०. हा आकडा खरा मानून कोणी दाब वाढविला असता, तर उपकरणे जळण्याची भीती होती. खरा परिणामी दाब मोजणारा निराळा मीटर मिळतो.

आता पंख्याचे. पायऱ्यांच्या तरंगात ५० आवर्तनांबरोबर १५०, २५० अशी आवर्तनेही मिसळलेली असतात. ती पंखा फिरविण्यास साहाय्य करीत नाहीत. मोटार तापवितात व गुणगुणवितात. साध्या तारेच्या दिव्याला आकाराची क्षिती नसते. मोटारीला व रुग्णाच्या उपकरणांना असते. अशांसाठी शुद्ध साइन-तरंगाचा इन्व्हर्टर घ्यावा.

इन्व्हर्टर लहान असला, तरी त्याचा धक्का प्राणघातक ठरू शकतो; हा प्रयोग एकट्याने करू नये. आम्ही मात्र एवढे शिकलो, की आकडा वाचण्यापूर्वी तो कोणत्या गृहीतावर उभा आहे हे विचारावे.