औद्योगिक नियंत्रणासाठी नेटवर्कयुक्त मायक्रोकंट्रोलरची निवड : उपसा सिंचनाच्या पंपगृहाच्या संदर्भात

प्रस्तावना :
भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत बपेरा हे गाव आहे. बपेरा-सिहोरा परिसरातील धानशेतीच्या दृष्टीने चांदपूर जलाशय महत्त्वाचा असून बावनथडी नदीचे पाणी पंपांद्वारे उचलून या जलाशयात सोडण्यासाठी सोंड्याटोला उपसा सिंचन योजना उभारण्यात आली. उपसा मुख्यतः पावसाळी प्रवाहावर अवलंबून असतो. त्या काळात पंप बंद राहिल्यास वाया गेलेले तास परत मिळत नाहीत. अशा पंपगृहासाठी नेटवर्कशी जोडता येणारा मायक्रोकंट्रोलर निवडावयाचा झाल्यास कोणते निकष लावावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. हे कोणत्याही योजनेतील प्रत्यक्ष यंत्रणेचे वर्णन नसून, निवडीची पद्धत स्पष्ट करण्यासाठी घेतलेला संदर्भ आहे.

नियंत्रण आणि संदेशवहन यांतील भेद :
मायक्रोकंट्रोलर म्हणजे प्रक्रियक, स्मृती आणि बाह्य उपकरणांशी जोडणारी द्वारे एकाच चिपवर सामावलेला लघुसंगणक होय. पंपगृहात त्याला दोन कामे करावी लागतात. पाण्याची पातळी, दाब व मोटारीचे तापमान पाहून पंप चालू-बंद करणे हे पहिले काम. ही माहिती दूरच्या कार्यालयास कळविणे व तेथील आज्ञा स्वीकारणे हे दुसरे. पहिल्या कामात विलंब चालत नाही. दुसऱ्यात विलंब गृहीतच धरावा लागतो. नेटवर्क खंडित झाल्यावर पहिले काम अबाधित राहते काय, हाच निवडीचा मूलभूत प्रश्न आहे. कोरडा चाललेला पंप काही मिनिटांत निकामी होऊ शकतो; उलट, संपर्क तुटताच पंप थांबविणारी यंत्रणा उपशाचे मोलाचे तास गमावते. म्हणून पातळीचा निर्णय स्थानिक नियंत्रकाकडेच असावा आणि दूरच्या केंद्राने केवळ उद्दिष्ट द्यावे.

निवडीचे निकष :
1) स्मृती : आपल्या अभ्यासक्रमांत रुळलेल्या मूळ 8051 मध्ये अंतर्गत रॅम केवळ 128 बाइट आहे, तर इथरनेटची एक पूर्ण चौकट 1518 बाइटपर्यंत असू शकते. साहजिकच अशा चिपला बाह्य स्मृती किंवा डब्ल्यू 5100 सारखी संदेशवहनाचे नियम स्वतः हाताळणारी स्वतंत्र चिप जोडावी लागते. एसटीएम 32 एफ 407 सारख्या 32 बिटी चिपमध्ये 192 किलोबाइट रॅम व इथरनेट नियंत्रक अंतर्भूत असतो; मात्र प्रत्यक्ष केबलशी जोडणारी चिप वेगळी घ्यावी लागते. सांकेतिक लिपीतील सुरक्षित संदेशवहन हवे असल्यास स्मृतीची गरज आणखी वाढते.

2) अंतर व माध्यम : आरएस 485 जोडणी कमी वेगावर सुमारे 1200 मीटरपर्यंत चालते. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा 100 मीटर आहे. पंपगृहाच्या आत आरएस 485 वर मॉडबस आणि बाहेर पडणारा एकच इथरनेट दुवा ही रचना सुटसुटीत ठरते. दोन इमारतींमध्ये विजेच्या आघातापासून संरक्षण देणारी प्रकाशतंतू केबल श्रेयस्कर होय.

3) तापमान : व्यापारी श्रेणीची चिप सामान्यतः 0 ते 70 अंश सेल्सिअस, तर औद्योगिक श्रेणीची उणे 40 ते 85 अंशांपर्यंत चालते. विदर्भात उन्हाळ्यात तापमान 45 अंशांवर जाते. बंद पेटीत त्यात 20 अंशांची भर पडली तरी 65 अंश होतात. व्यापारी श्रेणीत मग जेमतेम पाच अंशांचे अंतर उरते.

4) वीज खंडित झाल्यानंतरचे वर्तन : थेट जोडणीने सुरू होणारी मोटार सुरुवातीस पूर्ण भाराच्या पाच ते सात पट विद्युतप्रवाह घेते. वीज परत येताच सर्व पंप एकदम सुरू झाल्यास यंत्रणा पुन्हा खंडित होईल. म्हणून पुनरारंभी सर्व निर्गम बंद असावेत व पंप क्रमाने सुरू व्हावेत. चिपमध्ये स्वतंत्र घड्याळावर चालणारा वॉचडॉग आणि व्होल्टेज घसरल्यास पुनरारंभ करणारे मंडल असणे अत्यावश्यक आहे.

5) सुरक्षितता : 1979 मध्ये आलेल्या मॉडबसच्या मूळ स्वरूपात आज्ञा देणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय नाही. 2010 मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट प्रकरणाने औद्योगिक नियंत्रकही लक्ष्य होऊ शकतात हे दाखविले. नियंत्रक सार्वजनिक इंटरनेटला थेट जोडू नये.

6) उपलब्धता : पंपगृहाचे आयुष्य काही दशकांचे असते. 2020 नंतरच्या जागतिक चिप टंचाईने एकाच चिपवर विसंबण्यातील धोका स्पष्ट केला. उत्पादनाची दीर्घकालीन हमी आणि पर्यायी चिप यांचा विचार आरंभीच व्हावा.

खरेदीपूर्व चाचणी :
ईएसपी 32 सारखी स्वस्त पाटी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी उपयुक्त आहे. परंतु प्रयोगशाळेत चालणे म्हणजे क्षेत्रात टिकणे नव्हे. पंप चालू असताना केबल काढावी, नेटवर्कवर निरर्थक संदेशांचा भडिमार करावा, वीज वारंवार तोडावी आणि प्रत्येक वेळी पंपाचे वर्तन नोंदवावे. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही ही चाचणी दिव्याला पंप मानून घेता येते.

निष्कर्ष :
नेटवर्कयुक्त मायक्रोकंट्रोलरची निवड केवळ वेग व किंमत पाहून करणे योग्य नाही. नेटवर्क नसताना तो सुरक्षितपणे व उपयुक्तपणे काम करतो की नाही, हा पहिला निकष असावा; उर्वरित निकष त्यानंतर येतात. अध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे मूल्यमापन करतानाही हाच क्रम पाळल्यास शिक्षण आणि शेतशिवार यांतील अंतर काही अंशी कमी होईल.