'अरे संसार संसार' वर्गात शिकवताना



बहिणाबाई चौधरींचं 'अरे संसार संसार' हे गाणं आपल्याला तोंडपाठ असतं. म्हणूनच त्याचा अर्थ सांगताना आपण घाई करतो. मीही केली. "आधी कष्ट, मग फळ" असं फळ्यावर लिहिलं आणि पुढे निघाले. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तवा तापला नाही तर भाकर चिकटते." तिची आई सकाळीच चिकूच्या वाडीत कामाला जाते. घरच्या भाकरी हीच थापते.

अर्थ तिला माझ्यापेक्षा बरा कळला होता. गाण्यात चटका आधी आणि भाकरी नंतर येते हे खरं, पण दोन्ही एकाच तव्यावरच्या. चटका वगळून नुसती भाकरी मागता येत नाही. पुढच्या उपमाही तशाच आहेत. काकडी टोकाला कडू, बाकी गोड. बिब्ब्याचं तेल अंगावर उततं, पण आतली गोडंबी आपण खातो. सागरगोट्याची शेंग काटेरी आणि आतला गोटा गुळगुळीत. डहाणू-तलासरीच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. वस्तू वर्गात जरूर आणा. (बिब्बा मात्र लांबूनच दाखवा, मुलांच्या हातात देऊ नका!)

हे सांगणारी बाई कोण, तेही मुलांना सांगा. जळगावजवळच्या आसोद्यात 1880 साली जन्म. लिहिता-वाचता येत नव्हतं. तिशीच्या आसपास वैधव्य आलं, पदरात मुलं. शेतात राबताना, जात्यावर बसून गाणी रचली. 1951 मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी गाण्यांचं पुस्तक निघालं. म्हणजे हा दुसऱ्याला केलेला उपदेश नाही, स्वतःच्या हातावरचे चटके आहेत.

आता जिथे मला अडखळायला झालं ते सांगते. गाण्यात पुढे सुखाला नकार आणि दुःखाला होकार येतो. एक पालक मला म्हणाले, "छान आहे, मुलींना सोसायची सवय लागते." मला ते पटलं नाही. चुलीचा चटका वेगळा आणि दुसऱ्याने दिलेला चटका वेगळा. आपल्याच भागात जमीनदार वारल्यांकडून वेठ करून घेत. 1945 साली तलासरीजवळच्या झरी गावात सभा भरली आणि वेठीला नकार दिला गेला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये त्या लढ्याची हकिकत आहे. त्या दुःखाला होकार द्या, असं बहिणाबाईंच्या नावावर आपण कसं शिकवणार?

म्हणून आता मी फळ्यावर दोन रकाने करते: 'चुलीचे चटके' आणि 'कुणीतरी दिलेले चटके'. मुलं भराभर सांगतात. भात लावताना कंबर दुखणं पहिल्यात. मजुरी कमी देणं दुसऱ्यात. दिवाळीनंतर शाळा सोडून आईबापाबरोबर वीटभट्टीवर जाणं कुठे लिहायचं, यावर मात्र वर्गात वाद झाला. घंटा झाली तरी तो चालूच होता.