आधी मूत्रवाहिन्या मोजाव्यात

प्रोस्टेटच्या कर्करोगात ही ग्रंथी रोबोटच्या साहाय्याने काढण्याची शस्त्रक्रिया २००० साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे प्रथम झाली. पुढे अमेरिकेत डेट्रॉइट येथे डॉ. मणी मेनन यांनी तिला शिस्तबद्ध रूप दिले. रोबोट स्वतः काहीच कापत नाही; शल्यचिकित्सक कन्सोलवर बसून त्याचे हात चालवितो व पोटातील दृश्य त्याला मोठे, त्रिमितीय दिसते. परंतु ज्याची कल्पनाच नाही, ते मोठे दिसूनही ओळखता येईलच असे नाही.

बहुतेकांना प्रत्येक मूत्रपिंडाची एकच मूत्रवाहिनी असते. काहींना मात्र जन्मतः एका बाजूस दोन स्वतंत्र वाहिन्या असतात. तेव्हा वरच्या भागातून निघालेली वाहिनी खाली व मध्याकडे उघडते. वैद्यकात यास वायगर्ट-मायर नियम म्हणतात. पुरुषांत ती क्वचित मूत्राशयाच्या मुखाशी, प्रोस्टेटमधील मूत्रमार्गात किंवा वीर्यकोशातही उतरते, म्हणजे जेथे शस्त्र चालायचे नेमके तेथेच. स्त्रियांत अशा वाहिनीमुळे मूत्र सतत ठिबकू शकते, म्हणून उलगडा पुष्कळदा लहानपणीच होतो. पुरुषांत तिचे मुख नियंत्रक स्नायूच्या वरच राहते. ठिबकणे नाही, तक्रारही नाही. सत्तरीपर्यंत कोणास पत्ता नसतो.

काहींना एकच मूत्रपिंड असते, आणि त्याच्या वाहिनीस इजा झाली तर राखीव असे काहीच उरत नाही.

शंका आल्यास सीटी युरोग्राम काढून प्रत्येक वाहिनीचा मार्ग पाहतात. शस्त्रक्रियेच्या आरंभी दुर्बिणीतून वाहिनीत बारीक नळी ठेवता येते, किंवा विशिष्ट प्रकाशात हिरवा चमकणारा रंग सोडून ती उजळविता येते. माहिती असेल तर ती वाचविता येते अथवा मूत्राशयात नव्याने जोडता येते.

आपल्याकडे ज्येष्ठ मंडळी लघवीच्या तक्रारी मुलांपाशीही बोलत नाहीत. जुन्या सोनोग्राफीत ‘एक मूत्रपिंड दिसत नाही’ असे लिहिलेला कागद कपाटात तसाच राहतो. तो प्रथम बाहेर काढावा व शल्यचिकित्सकांपुढे ठेवावा. चौविहार पाळणाऱ्यांनी तेही आधीच सांगावे: शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर किंवा थोडे अधिक दिवस कॅथेटर असतो, त्या काळात पाणी पुरेसे जावे लागते, आणि ते सूर्यास्तापूर्वी कसे विभागून घ्यायचे याचा हिशेब डॉक्टरांबरोबर बसून करता येतो.