शिकागोचं रान कोण राखतं?

शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर उतरताना खाली पाहिलं, तर घरांच्या आखीव रांगांमध्ये मधूनच गर्द हिरवे पट्टे दिसतात. भारतातून आलेले पाहुणे हमखास विचारतात, "ही कुणाची जमीन? इतक्या मोक्याच्या जागी अजून कुणी बांधलं कसं नाही?" उत्तर असं, की ती कुणा एकाची नाही, सगळ्यांची आहे, आणि बांधलं नाही कारण शंभर वर्षांपूर्वी लोकांनी मतदान करून तसं ठरवलं.

कुक काउंटी हा आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग. त्यात शिकागो शहर येतं, भोवतीची शंभराहून अधिक उपनगरं येतात. वस्ती पन्नास लाखांवर. या जिल्ह्यातली सुमारे ७०,००० एकर जमीन, म्हणजे दर नऊ एकरांतला जवळपास एक एकर, राखीव रान आहे. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या अडीच पटींहून जास्त. ते सलग मात्र नाही. डेस प्लेन्ससारख्या नद्यांच्या काठाने, तळ्यांभोवती, टेकाडांवर ते विखुरलेलं आहे. त्यामुळे बहुतेकांच्या घरापासून त्याचा एखादा तुकडा जवळच असतो. नदी फुगली की पाणी आधी या रानात पसरतं, हा त्याचा आणखी एक उपयोग.

ड्वाइट पर्किन्स हा वास्तुविशारद आणि येन्स येन्सन हा उद्यानरचनाकार, या दोघांनी १९०४ मध्ये शिकागोभोवतीची रानं वाचवण्याचा आराखडा मांडला. तेव्हा शहर झपाट्याने पसरत होतं. लोकांना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटणार नाही, म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी शनिवारी दुपारी सहली काढल्या आणि शहरातल्या माणसांना पायी रान दाखवलं. कायदा व्हायला बरीच वर्षं गेली. आधीचे प्रयत्न फसले, १९१३ चा कायदा मात्र टिकला, १९१४ मध्ये मतदारांनी कौल दिला आणि १९१६ मध्ये पॅलेटाइनजवळच्या डीअर ग्रोव्हची पहिली खरेदी झाली. या रानांसाठी स्वतंत्र संस्था आहे आणि तिच्यासाठी घरपट्टीत वेगळा हिस्सा घेतला जातो. दर वर्षी कराचं बिल आलं की त्यात ती ओळ दिसते. ही ओळ मला आवडते. रान आपलं आहे म्हणायला काहीतरी मोजावं लागतं, हे ती सांगते.

मी शॉमबर्गला राहते. बसी वूड्स हे रान घरापासून जवळ. तिथे कुंपणात एल्क हरणांचा कळप आहे. १९२५ मध्ये यलोस्टोनच्या परिसरातून आणलेल्या एल्कपासून ही परंपरा सुरू झाली. तळ्याभोवती सायकलचा रस्ता आहे. उन्हाळ्यात आमच्या मराठी मंडळींची वनभोजनं इथेच होतात. झाडाखाली बाकं, छप्पर, जाळीची चूल सगळं असतं. पंचवीस किंवा जास्त माणसं असतील तर आधी परवाना काढायचा, एवढंच. बाकी प्रवेशाला आणि गाडी लावायला पैसे पडत नाहीत.

दक्षिणेकडे पेलॉस भागात सगळ्यात मोठं सलग रान आहे. तिथल्या स्वॉलो क्लिफला चुनखडीच्या सव्वाशे पायऱ्या आहेत. पहाटेपासून लोक त्या चढतात-उतरतात, पर्वती चढणाऱ्या पुणेकरांच्याच निष्ठेने. जवळच रेड गेट वूड्स. जगातली पहिली अणुभट्टी १९४२ मध्ये शिकागो विद्यापीठात चालली. ती मोडून १९४३ मध्ये याच रानात पुन्हा उभारली गेली आणि पुढे इथेच पुरली. त्या जागी आज शिळा आहेत आणि लोक शांतपणे फिरायला जातात. २०१५ पासून जिल्ह्यात राहुट्या आणि लाकडी खोल्यांचे पाच तळही सुरू झाले, म्हणजे रात्री मुक्कामाचीही सोय झाली.

नियम सोपे आहेत आणि ते पाळावेत. कुत्रा दोरीवर हवा. मुक्कामाचे तळ सोडले तर सूर्य मावळला की बाहेर. फूल, अळंबी, बी, पीस, काहीही उचलायचं नाही. रानातली पालेभाजी खुडायची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे जड जातं. पण पन्नास लाखांपैकी प्रत्येकाने एक मूठ नेली, तर वसंतात शिल्लक काय राहील?

इथपर्यंत वाचून वाटेल, की जमीन घेतली, कायदा केला, नियम लावले, काम झालं. आपल्या मनात रान राखणं म्हणजे देवराई राखणं: फांदी तोडायची नाही, पाचोळाही न्यायचा नाही. माझीही हीच समजूत घट्ट होती. शिकागोने मला शिकवलं, की शहरातलं रान नुसतं सोडून दिलं तर ते हळूहळू मरतं, आणि ते मरताना बाहेरून हिरवंगारच दिसतं.

त्याचं कारण बकथॉर्न. युरोपातून कुंपणासाठी आणलेलं हे काटेरी झाड. इतर झाडांच्या आधी त्याला पालवी फुटते आणि सगळ्यांच्या नंतर पानं गळतात. काळी फळं पक्षी खातात आणि बी दूरवर टाकतात. शिकागो परिसरात आज याच झाडाची संख्या सर्वांत जास्त आहे. त्याच्या जाळीत वाकून शिरलं की जमीन दिसते ती उघडी, काळी, जवळजवळ निर्जीव. ऊन पोचत नाही, त्यामुळे रानफुलं उगवत नाहीत. डोक्यावर दीडशे वर्षांचा ओक उभा असतो, पण त्याचं एकही पोर खाली नसतं.

नॉर्थब्रुकच्या सोम प्रेअरी ग्रोव्हमध्ये मी रविवारी सकाळी स्वयंसेवक म्हणून जाते. या भागातली ही चळवळ १९७७ मध्ये स्टीव्ह पॅकर्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केली. हातमोजे, मोठी कात्री, हातकरवत एवढंच साहित्य. बकथॉर्न कापला की आतलं लाकूड नारिंगी निघतं, त्यामुळे ओळख चुकत नाही. नुसता कापून सोडला तर त्याच खुंटातून धुमारे फुटतात. म्हणून परवानाधारक स्वयंसेवक मागोमाग येऊन खुंटावर औषध लावतो. फांद्यांचे ढीग हिवाळ्यात, जमिनीवर बर्फ असताना, जाळतात. शरद ऋतूत आम्ही, या कामापुरत्या परवानगीने, देशी गवतांचं आणि फुलांचं बी गोळा करतो आणि मोकळ्या झालेल्या जागी फेकतो. इथे एक दुर्मीळ पांढरं ऑर्किड येतं. त्याचं परागीभवन रात्री उडणारे मोठे पतंग करतात. आता ते पुरेसे नाहीत, म्हणून टूथपिकच्या टोकावर परागाची इवली पिवळी गुठळी घेऊन स्वयंसेवक ती दुसऱ्या फुलाला लावतात. हे काम पाहिलं, की राखणं या क्रियेत किती बारकावा लागतो ते कळतं.

आणि आग. इथली गवताळ माळरानं आणि ओकची विरळ रानं हजारो वर्षं आगीसोबत वाढली. मूळ रहिवासी ठरवून माळ पेटवत. बर ओकची साल जाड, बुचासारखी असते. ती आग सोसते, बकथॉर्नची कोवळी रोपं सोसत नाहीत. आग थांबली आणि रान कोंदलं. म्हणून आता हिवाळ्याच्या अलीकडे-पलीकडे, वारा आणि हवेतला ओलावा पाहून, प्रशिक्षित माणसं ठरावीक तुकडा जाळतात. जमीन काळी पडते. काही आठवड्यांत तिच्यातूनच हिरवे कोंब येतात.

हे सगळ्यांना पटलं असं नाही. कापणं, जाळणं, वाढलेली हरणं कमी करणं यांवर शेजारच्या रहिवाशांनी कडाडून आक्षेप घेतला आणि १९९६ मध्ये कुक काउंटीत हे काम थांबवलं गेलं. पुढे ते टप्प्याटप्प्याने सुरू झालं. आक्षेप घेणारेही रानावर प्रेम करणारेच होते. आपल्या घरामागची झाडं का तोडली जातात, हे त्यांना आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. सार्वजनिक जमिनीवर शास्त्र बरोबर असून भागत नाही, शेजाऱ्यालाही सोबत घ्यावं लागतं.

लोकांना सोबत घेतल्यावर काय होतं, तेही दिसलं. २०१४ च्या आराखड्यात पंचवीस वर्षांत ३०,००० एकर रान पूर्ववत करायचं ठरलं. पैसा कमी पडत होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरळ मतदारांनाच विचारलं: या रानांसाठी घरपट्टी थोडी वाढवू का? सरासरी घराला वर्षाला वीस डॉलरच्या आसपास. दोनतृतीयांशाहून जास्त मतदारांनी होकार दिला. महागाईच्या त्या वर्षात लोकांनी स्वतःहून कर वाढवून घेतला, याचा मला अभिमान वाटतो.

पुण्याला आले की मी वेताळ टेकडीवर जाते. तिथे लावलेलं गिरिपुष्प आणि माजलेली टणटणी पाहून मला बकथॉर्न आठवतो. टेकड्या वाचवण्यासाठी पुणेकर रस्त्यावर उतरतात, आणि उतरलंच पाहिजे. जागाच गेली तर पुढचं सगळं संपलं. पण जागा वाचली म्हणजे रान वाचलं, असं नाही. माळावरचं गवत ही ओसाड जागा नसून तेही एक रान आहे, आणि तिथे सरसकट झाडं लावणं ही त्याची सेवा नव्हे, हे आपल्याला समजून घ्यावं लागेल.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावाजवळच्या टेकडीवर, राईत, माळावर या वर्षी एखाद्या वनस्पती ओळखणाऱ्या माणसाबरोबर जा. तिथलं काय मूळचं आणि काय बाहेरून घुसलेलं, ते विचारा. वनखात्याची परवानगी घेऊन काम करणारा गट असेल तर त्यात सामील व्हा, नसेल तर चार जण मिळून तो उभा करा. सरकार जमीन राखू शकतं. त्या जमिनीवरचं रान मात्र माणसांनी येऊन, वाकून, हाताने राखावं लागतं.