चेहऱ्याची वेदना आणि खचलेलं मन

१७७३ मध्ये लंडनचे डॉक्टर जॉन फॉदरगिल यांनी चेहऱ्याच्या एका बाजूला अचानक उठणाऱ्या जीवघेण्या कळांचं नेमकं वर्णन केलं. त्या दुखण्याला, म्हणजे ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियाला, पुढे उपाय सापडले. १९६२ मध्ये कार्बामॅझेपिन या औषधाचा गुण दिसला, नंतर पीटर जॅनेटांनी मज्जातंतूवरचा रक्तवाहिनीचा दाब काढण्याची शस्त्रक्रिया रुळवली.

पण ज्यांचा चेहरा दिवसदिवस ठणकतो, जळजळतो आणि तपासण्यांत काहीच निघत नाही, त्यांचं काय? त्यांची दाढ काढली जाते, मग शेजारची, आणि दुखणं तिथेच राहतं. १९६६ मध्ये लॅसेल्स यांनी अशा रुग्णांमध्ये नैराश्य आढळतं आणि नैराश्याच्या औषधांनी आराम पडतो, हे मांडलं. निरीक्षण मोलाचं होतं. त्यापुढचा तर्क मात्र रुग्णांना महागात पडला. १९८२ मध्ये तर जुनाट वेदना हेच नैराश्याचं एक रूप, असं प्रतिपादन झालं. दवाखान्यात त्याचा अर्थ एकच उरला: ‘तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत.’ आधीच पिचलेल्या माणसाला याहून क्रूर वाक्य कोणतं असेल?

१९८४ मध्ये शार्लट फाइनमन आणि सहकाऱ्यांनी डोथिएपिन हे नैराश्यावरचं औषध देऊन पाहिलं. वेदना कमी झाली, पण ती नैराश्य कमी झाल्यामुळे नव्हे. मेंदूतून खाली उतरणारी वेदना आवरण्याची यंत्रणा सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन वापरते, आणि मनःस्थितीशीही याच द्रव्यांचा संबंध आहे. म्हणूनच अॅमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं औषध कमी मात्रेत वेदनेसाठीही देतात. ते लिहून दिलं म्हणजे दुखणं खोटं ठरत नाही.

जबड्याच्या दुखण्यासाठी १९९२ मध्ये ड्वॉर्किन आणि लेरेश यांनी तपासणीचे निकष ठरवले. त्यात सांधा आणि स्नायूंइतकंच मनःस्थितीलाही स्थान मिळालं. पुढे अमेरिकेतल्या ‘ओपेरा’ अभ्यासात निरोगी माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा आधीपासूनचा मानसिक ताण हा जबड्याच्या दुखण्याचा धोका वाढवणाऱ्या अनेक घटकांपैकी एक निघाला. उलट बाजूही खरी आहे. धड जेवता, बोलता, झोपता येत नसेल, तर माणूस खचतोच.

आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्याची चिठ्ठी मिळाली की ‘मला वेडं ठरवलं’ असं वाटतं. डॉक्टरांनो, चिठ्ठी देताना ‘तुमचं दुखणं खरं आहे’ हे आधी सांगा. आणि दुखणं सोसणाऱ्यांनो, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तेही दाढेच्या कळेइतकंच स्पष्ट सांगा. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.